ओळखीचा दाखला

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला गर्व आहे. मराठी बरं, कन्नड त्याहून बरं. त्यामुळे म्हैसूरच्या आमच्या शिंपी समाजाच्या विठ्ठल मंदिराचं चिटणीसपद गेली बावीस वर्षं माझ्या गळ्यात पडलेलं आहे. निवडणूक वगैरे काही होत नाही. दर तीन वर्षांनी सभा भरते, मी ‘आता तरुणांनी पुढे यावं’ असं म्हणतो, तरुण उप्पीट खाण्यात गुंग असतात आणि शिक्क्याचा डबा पुन्हा माझ्याच हाती येतो.

चिटणीसाचं खरं काम म्हणजे दाखले लिहिणं. एकादशीचं भजन संपलं, पेटी झाकली, टाळ पिशवीत गेले, की कुणी ना कुणी माझ्याजवळ सरकतं. कुणाला रेशनकार्ड हवं असतं, कुणाला मुलीच्या हॉस्टेलसाठी कागद, कुणाला भाड्याचं घर. मी मंदिराच्या छापील कागदावर कन्नडमध्ये लिहितो, ‘सदर कुटुंब मूरु तलेमारुगळिंद’, म्हणजे तीन पिढ्यांपासून, ‘म्हैसुरात राहत असून आमच्या चांगल्या ओळखीचे आहे.’ मग जांभळा शिक्का, आणि सही. या तीन पिढ्या कुणी मोजल्या, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. आमच्या पणजोबांनाही इथे येताना कुणी कागद मागितला नव्हता. ते सुई-दोरा घेऊन आले आणि राहिले.

मागच्या वर्षी सोलापूरहून एकजण आला. तयार कपड्यांचा धंदा करायचा होता. येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. एकादशीला तो नमस्कार करून बाजूला उभा राहिला, तेव्हा आमचे अध्यक्ष म्हणाले, “लिही की रे. आपलाच माणूस आहे.”

“तीन पिढ्या लिहू की चार?” मी विचारलं. सगळे हसले. मीही हसलो आणि तीन लिहिल्या.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना मला स्वतःला फार सोवळा माणूस म्हणून उभं राहता येऊ नये.

आमचं दुकान पेठेत आहे. वडील कोट शिवायचे, मी लग्नाचे ब्लाउज शिवतो. पूर्वी नुसती शिलाई चांगली असली की भागायचं. आता प्रत्येक नवरीला पाठीवर आणि बाह्यांवर भरतकाम लागतं. लाकडी चौकटीवर कापड ताणून, हुकाच्या सुईने जरी, मणी, टिकल्या भरायच्या. इकडे सगळे त्याला मग्गम वर्क म्हणतात. ते आम्हाला येत नाही. आठ वर्षांपूर्वी एक कारीगर दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. गाव मुर्शिदाबादकडचं, पश्चिम बंगालातलं. पिशवीतून त्याने वीतभर कापड काढून दाखवलं. त्यावर मोर होता. मी तो मोर चष्मा लावून आणि चष्मा काढून पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत त्याची चौकट लागली.

तो बन्नीमंटपाच्या पलीकडे एका गल्लीत राहायचा. त्या गल्लीत सगळी त्याच्याच मुलखातली माणसं होती. कुणी भरतकामाचे, कुणी बांधकामावर फरशी बसवणारे, बायका अपार्टमेंटमध्ये धुणीभांडी करणाऱ्या. पुढे त्याने बायको आणि मुलगीही आणली. मुलगी इथल्या सरकारी शाळेत कन्नडमध्ये पाढे म्हणायला लागली.

तो स्वतः मात्र आमची भाषा शिकला. दुकानात आम्ही घरचंच बोलतो, म्हणजे अर्धं मराठी, अर्धं कन्नड. त्या भल्या माणसाला वाटलं, हीच म्हैसूरची भाषा. सकाळी आला की म्हणायचा, “मास्टर, सोनेरी दोरा मुगीतु. नवा रीळ काढा की.” काम झालं की, “आयतु मास्टर, झालं.” गिऱ्हाइकं बघतच राहायची. आमची बायको म्हणायची, “आपल्या पोरांना हे एवढं पण येत नाही, अल्ला?” अल्ला म्हणजे कन्नडमधलं ‘नाही का’. ते खरंच होतं. आमच्या घरात नातवंडं आता आजीला इंग्रजीत उत्तरं देतात.

दसऱ्याच्या आधी त्याच्याकडे कामाचा डोंगर असायचा. एकदा एका नवरीने पाठीवर अंबारीचा हत्ती मागितला. त्याने हत्ती तर भरलाच, शिवाय हत्तीच्या डोळ्यात एकच बारीक काळा मणी असा बसवला की हत्ती आपल्याकडे बघतोय असं वाटे. त्या नवरीची आई रडली. वाहवा माझी झाली, आणि मी ती खुशाल घेतली.

मग फोनवर ते व्हिडिओ यायला लागले. परदेशातून चोरून आलेले लोक शहरात शिरलेत, हुडकून काढा, भाड्याने खोल्या देऊ नका. समाजाच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलाबरोबर एकतरी असा व्हिडिओ असायचा. मी काही पुढे पाठवले नाहीत. पण ‘हे बरोबर नाही’ असंही कधी लिहिलं नाही. हात जोडलेलं चित्र टाकायचो आणि दुकान उघडायचो.

एका शुक्रवारी दुपारी तो चौकटीवरून उठून माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, “मास्टर, एक चिठ्ठी लिहून द्या. घरमालक म्हणतो, पोलीस विचारायला येणार. आधार आहे, मतदानाचं कार्ड आहे. ते म्हणतात, तसले कागद कुणीही करतं. इथला कुणी ओळखतो असं लिहून आण.”

“काय लिहू?”

“आठ वर्षं झाली, इथे काम करतो. एवढंच.”

मी दुकानाचा छापील कागद काढला. पेनाचं टोपण उघडलं. वर ‘संबंधितांस’ लिहिलं, खाली त्याचं नाव लिहिलं आणि तिथे हात थांबला. नाव मुसलमानी, गाव देशाच्या सीमेजवळचं, खाली सही माझी. कागद उद्या कुठल्या टेबलावर जाईल, तिथे कोण बसलेला असेल, तो मला काय काय विचारेल, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. बावीस वर्षांत खोटं लिहिताना जो हात कधी थांबला नाही, तो खरं लिहिताना थांबला.

“देवळाच्या कमिटीला विचारायला लागेल,” मी म्हणालो.

त्याला कळेना. “देवळाचं नको मास्टर. दुकानाचं.”

“तरीपण. मी चिटणीस आहे ना. उद्या कुणी काही म्हटलं तर?”

यात काही अर्थ नव्हता. दुकान माझं, कागद माझा, कारीगर माझा. पण त्याला वाटलं, आमच्यात असाच काही नियम असेल. आठ वर्षं तो आमचे नियम पाळत आला होता. एकादशीला आमच्या घरात कांदा शिजत नाही म्हणून तो त्या दिवशी डब्यात कांदा आणायचा नाही. “आयतु मास्टर,” तो म्हणाला. “कधी घेऊ?”

“एकादशी होऊ दे.” मधे चार दिवस होते. तो परत जाऊन चौकटीवर बसला. मी तो अर्धा लिहिलेला कागद फाडला, आणि त्याला दिसू नये म्हणून चिंध्यांच्या पोत्यात घातला.

अध्यक्षांना मी खरंच फोन केला. ते उखडले. “तुला हुच्चु, वेड लागलंय काय रे? बेळगावात कुठे दगड पडला की आपल्याला देवळावरची मराठी पाटी झाकायला लागते. आपणच इथे जपून राहायचं, आणि तू कोण कुठल्या माणसासाठी सही करणार? सुम्ने, गप्प बस.”

पाटीचं ते म्हणाले ते खोटं नव्हतं. सीमाभागात काही पेटलं की आम्ही त्या पाटीवर दसऱ्याच्या शुभेच्छांचा फलक टांगतो आणि शांत झालं की काढतो. शंभर वर्षांहून जास्त इथे राहून आमच्या मनातली ही धाकधूक गेलेली नाही. या भीतीने खरं तर आम्हाला त्या माणसाची बाजू पटकन कळायला हवी होती. पण ‘आम्ही जुने, आमच्यात आणि यांच्यात फरक आहे’ हे दाखवायची घाईच आम्हाला झाली होती. अध्यक्षांनी नको म्हटल्यावर मला हायसं वाटलं, हे मी कबूल करतो.

एकादशी उजाडायची होती. आदल्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला त्या गल्लीत पोलिसांची गाडी आली आणि चौकशीसाठी म्हणून अकरा पुरुषांना घेऊन गेली. त्यात तो होता.

दुकान उघडलं तर त्याची बायको पायरीवर बसलेली. मुलगी शाळेच्या गणवेशात, वेण्या घातलेल्या, दप्तर पाठीवर. तिला शाळेत सोडायला निघताना गाडी आली असावी. बायको आमच्याशी एरवी मान खाली घालून दोन शब्द बोलायची. त्या दिवशी ती सरळ माझ्या तोंडाकडे बघून हिंदीत म्हणाली, “मास्टरजी, आप बस आके बोल दो, मेरे पास काम करता है. और कुछ नहीं.”

“आज डिलिव्हरी आहे,” मी म्हणालो. “संध्याकाळी मुहूर्त आहे त्यांचा. उद्या बघू.”

डिलिव्हरी खरोखरच होती. ब्लाउज त्यानेच भरलेला होता आणि गळ्याशी चार बोटं काम राहिलं होतं. आमच्या बायकोने मुलीला आत नेऊन इडली वाढली आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, “जाऊन या की. दहा मिनिटांचं काम. ब्लाउज मी देते.”

“तुला कळत नाही,” मी म्हणालो. सगळं सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं. मी कैची घेतली आणि कापडावर वाकलो. वाकलो की माणूस कामात आहे असं दिसतं. त्याची बायको थोडा वेळ उभी राहिली, मग मुलीचा हात धरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ऐकलं, त्या सगळ्यांना दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी हलवलं.

पुढचे दहाबारा दिवस मी स्वतःला सांगत होतो, कागदपत्रं आहेत, सुटेल. मागच्या खोलीत चौकट तशीच होती. तिच्यावर एका बाहीचा अर्धा मोर ताणलेला होता. दुसऱ्या एका भरतकामवाल्याकडून उरलेला अर्धा करून घेतला, तर तो मोर सरळ दोन जातींचा दिसायला लागला. गिऱ्हाइक तणतणलं. मीही त्या गिऱ्हाइकासमोर म्हणालो, “काय करायचं, यांचा काही भरवसा नसतो, मधेच निघून जातात.” हे वाक्य मी मोठ्याने, माझ्या दुकानात, शुद्धीवर असताना बोललो आहे.

मग फोन आला. सकाळची अकराची वेळ. अध्यक्ष झब्ब्याचं माप द्यायला आले होते. त्यांच्या छातीभोवती टेप धरली होती आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुणीतरी शुद्ध हिंदीत बोलत होतं. आवाज उर्मट नव्हता. त्याने कारीगराचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि विचारलं, “बोल रहा है आपके यहाँ आठ साल से काम करता है. आप जानते हैं इसको?”

अध्यक्ष दोन्ही हात पसरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. फोनमध्ये मागे कुठेतरी माणसांचा गलका ऐकू येत होता. त्या गलक्यात तो उभा असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर सुचलं असं नाही.

“दुकान है साहब,” मी म्हणालो. “कारीगर आते हैं, जाते हैं.”

“जानते हैं कि नहीं?”

“नहीं,” मी म्हणालो.

फोन ठेवला. अध्यक्षांनी कोण म्हणून विचारलं, तर मी कुणा कारीगराच्या कर्जवाल्यांचा फोन म्हणालो. छाती बेचाळीस भरली. वहीत मी ती चव्वेचाळीस लिहिली. झब्बा पुढे पोत्यासारखा झाला आणि मला दुसरा शिवून द्यावा लागला.

आमच्या बायकोला हे मी सांगितलं नाही. ती आत होती, पण आमचं दुकान केवढंसं? तिने त्या दिवशी मला जेवायला वाढलं आणि स्वतः उशिरा जेवली. आमच्यात त्या फोनबद्दल आजवर एक शब्द झालेला नाही.

त्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी स्कूटर घेऊन त्या गल्लीत गेलो. का गेलो, धड सांगता येणार नाही. तिथे दारांना कुलपं होती. ज्यांना कुणी धरलं नव्हतं तेही निघून गेले होते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने सांगितलं, काही गावी पळाले, काही हुणसूरकडे तंबाखूच्या भट्ट्यांवर गेले. या लोकांसाठी म्हणून तो मोहरीचं तेल ठेवायला लागला होता. आता डबे पडून होते. “बंगाली, बंगाली म्हणून लोक नावं ठेवायचे,” तो कन्नडमध्ये म्हणाला, “पण संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसायची.” शाळेतल्या बाईंनी त्याच्याकडे दोनदा चौकशी केली होती, मुलं कुठे गेली म्हणून. पहिलीच्या वर्गात म्हणे निम्मे बाक रिकामे झाले होते.

तेवढ्यात एका दारातून कुणीतरी मला हाक मारली, “काका, तुम्ही इकडे कुठे?” तो सोलापूरचा माणूस होता. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, त्याने दोन घेतल्या होत्या. मालक खूप कटकट करत होता, पण देवळाचा दाखला बघून गप्प झाला, असं त्याने मला फार कौतुकाने सांगितलं. चहा घ्याच म्हणाला. मी घेतला. आत भिंतीवर, लहान मुलाच्या उंचीवर, खडूने कन्नड पाढे लिहिलेले होते. ते कुणाचे, मी विचारलं नाही. त्या गल्लीत मुलं पुष्कळ होती.

तो परत आला तेव्हा दसरा होऊन गेला होता. चार महिने झाले असतील. भर दुपारी दारात सावली पडली म्हणून मी वर पाहिलं, तर पायरीखाली चपला काढून तो उभा होता, मागे त्याची बायको. गालफडं बसली होती. उजवा हात तो जरा जपून धरत होता. हुकाची सुई धरायचा हात.

“चौकट न्यायला आलो, मास्टर,” तो म्हणाला. “गावीच काम करणार आता.”

आमच्या बायकोने दोघांना आत बसवलं, कॉफी दिली. मग त्याने सांगितलं. फार रंगवून नाही, एखाद्या कामाचा तपशील सांगावा तसं. आधी इथे एका हॉलमध्ये ठेवलं, मग दोन दिवस रेल्वेत, मग एका पहाटे शेतातून चालत सीमेपलीकडे जायला सांगितलं. पलीकडच्यांनी विचारलं, तुम्ही कोण, आमचे नाही. त्यांनी परत पाठवलं. इकडच्यांनी पुन्हा अडवलं. पाऊस होता. शेवटी त्याच्या गावच्या शाळेतल्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनी जुनं दाखलरजिस्टर शोधून त्याच्या नावाचं पान काढलं आणि सही करून पाठवलं. पंचवीस वर्षांत त्यांनी याला पाहिलंही नव्हतं.

आमची बायको डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी कॉफीच्या पेल्याकडे बघत होतो.

“तिकडे नेण्याआधी एक साहेब होता,” तो म्हणाला. “बरा होता. म्हणाला, कुणी ओळखतं का तुला इथे, फोन लावतो. मला एकच नंबर पाठ. आपल्या दुकानाचा. पिशव्यांवर छापलाय ना. त्याने माझ्यासमोर लावला. मग म्हणाला, तुझा मास्टर तर नाही म्हणतो. मी म्हटलं, साहेब, नंबर चुकला. पुन्हा लावा. त्याने लावला नाही.”

त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

“ही मुलीला घेऊन हुणसूरला होती. गावाहून फोनवर सांगितलं, तर म्हणते, मास्टरच बोलले असतील. तेव्हापासून भांडते माझ्याशी.” तो किंचित हसला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. “चुकीचाच लागला असणार, अल्ला मास्टर? इथे तर फोन आला नाही ना?”

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. खरं सांगायला तेवढा वेळ पुरला असता. आमच्या बायकोने मान खाली घातली.

“नाही,” मी म्हणालो. “आला नाही. आला असता तर सांगितलंच असतं.”

“बघ,” तो वळून तिला म्हणाला. एवढ्या दिवसांचं भांडण जिंकल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. “म्हटलं होतं ना मी?”

ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि चौकटीचं एक टोक उचलून त्याची वाट बघत उभी राहिली. दुसरं टोक धरायला मी पुढे झालो, तर ती हिंदीत म्हणाली, “आप रहने दो मास्टरजी. वो पकड़ लेगा.”